इंग्लिश बोन चायनाचा डिनर सेट परदेशात विकला जात नाही: कुठे अडतं आणि काय करावं

जाहिरात टाकून महिने जातात. पाहणारे पुष्कळ, पण सौदा होत नाही. कुणी ‘फक्त चार मोठ्या प्लेट सुट्या द्याल का’ म्हणून विचारतं, कुणी मागितलेल्या किमतीचा चौथा हिस्सा देऊ करतं. एखादा सौदा जमलाच, तर डोंग्याचं झाकण दोन तुकडे होऊन पोचतं आणि पैसे परत करावे लागतात. ब्रिटनमध्ये नोकरीला असताना हौसेनं जमवलेला वेजवुड, रॉयल डोल्टन, स्पोड किंवा रॉयल अल्बर्टचा सेट बरोबर घेऊन जर्मनी, नेदरलँड्स, दुबई, अमेरिका असा पुढचा मुक्काम केलेल्या मराठी कुटुंबांपुढे घर आवरताना हा प्रश्न हमखास उभा राहतो. सल्ला बहुधा एकच मिळतो: किंमत उतरवा. किंमत हे कारण असतंच, पण बहुतेक वेळा ते तिसरं. त्याआधी दोन कारणं येतात. नेमका कोणता माल आहे हे जाहिरातीवरून कळत नाही, आणि ज्याला तो हवा आहे तो कस्टम्सच्या पलीकडे बसलेला असतो. एकेक करून पाहू.

जाहिरातीला प्रतिसादच येत नाही

जुन्या इंग्लिश सेटचं सगळ्यात खात्रीचं गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्या घरी तोच नमुना आधीपासून आहे आणि त्यातल्या दोन प्लेट फुटल्या आहेत. तो ‘सुंदर फुलांचा इंग्लिश सेट’ असं शोधत नाही. कंपनीचं नाव, नमुन्याचं नाव आणि क्रमांक टाकून शोधतो. या तीन गोष्टी जाहिरातीच्या पहिल्या ओळीत नसतील, तर जाहिरात त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

प्लेट उलटी करा आणि मागची छाप नीट वाचा. भिंग घ्या, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. नमुन्याचं नाव बऱ्याचदा छापलेलंच असतं. नसेल तर क्रमांक असतो, कधी छापील, कधी ब्रशनं हातानं लिहिलेला. वेजवुडच्या बोन चायनावर डब्ल्यू अक्षरानं सुरू होणारा क्रमांक दिसतो, उदाहरणार्थ फ्लोरेंटाइन टर्क्वॉइज या नमुन्याचा डब्ल्यू २७१४. रॉयल डोल्टनवर एच, मिंटनवर बी अशी अक्षरं सापडतात. मिंटनचा हॅडन हॉल म्हणजे बी १४५१. क्रमांक छापीवर जसा आहे तसाच, त्याच अक्षरांत जाहिरातीत उतरवा. एकाच नावाचा नमुना निळ्या, हिरव्या, तांबड्या कडेत निघालेला असतो आणि रंग कोणता ते फक्त क्रमांकावरून ठरतं.

वय सांगताना घाई नको. छापीत ‘इंग्लंड’ हा शब्द असेल, तर माल साधारण १८९१ नंतरचा समजतात, कारण त्या वर्षापासून अमेरिकेच्या जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘मेड इन इंग्लंड’ हे विसाव्या शतकातलं. चौकटीसारखं हिऱ्याच्या आकाराचं नोंदणीचिन्ह १८४२ ते १८८३ मधलं आणि ‘आरडी नंबर’ १८८४ पासूनचा. ही दोन्ही डिझाइनच्या नोंदणीची वर्षं आहेत. प्लेट त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेली असू शकते. रॉयल अल्बर्टच्या ओल्ड कंट्री रोझेसवर १९६२ दिसतं, तेही डिझाइनच्या हक्काचं वर्ष. ‘१९६२ चा सेट’ असं लिहिलंत की जाणकार गिऱ्हाईक तिथेच थांबतं, कारण ज्याला एवढं माहीत नाही त्याच्या बाकीच्या वर्णनावर तरी कसा भरवसा ठेवायचा? रॉयल डोल्टनच्या अनेक नगांवर सिंह-मुकुटाच्या छापीशेजारी छोटा आकडा असतो. त्यात १९२७ मिळवले की निर्मितीचं वर्ष निघतं. १३ असेल तर १९४०.

कुठे बनलं याचा भावावर थेट परिणाम होतो. स्टॅफर्डशरमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट शहराचे बर्स्लेम, लाँगटन, हॅनली, फेंटन, टनस्टॉल आणि स्टोक असे सहा कसबे, आणि या बहुतेक कंपन्या तिथल्याच. रॉयल डोल्टनचा बर्स्लेममधला नाइल स्ट्रीटचा कारखाना २००५ मध्ये बंद झाला आणि काम इंडोनेशियात गेलं. रॉयल अल्बर्टचा नवा मालही इंग्लंडबाहेर बनतो. त्यामुळे एकाच नमुन्यात ‘इंग्लंड’ छापीच्या कपाला मागणी आणि ती छाप नसलेल्याला कमी मागणी, असं चित्र दिसतं. तुमच्या सेटमध्ये दोन्ही मिसळलेले असतील, तर मोजून वेगळे करा आणि तसं लिहा.

आणखी दोन खाचाखोचा. छापीवर आडवी ओरखड्यासारखी रेघ मुद्दाम ओढलेली असेल, तर तो कारखान्यानंच दुय्यम ठरवलेला माल. तोही विकता येतो, पण सांगून. आणि नुसतं ‘वेजवुड’ न लिहिता ‘वेजवुड अँड कंपनी’ लिहिलेलं असेल, तर ती टनस्टॉलची वेगळी कंपनी. जोसाया वेजवुडनं १७५९ मध्ये सुरू केलेल्या कंपनीशी तिची गल्लत करू नका. भावात मोठा फरक पडतो.

जाहिरात आहे, विचारणा आहे, पण फोटो पाहून लोक मागे फिरतात

मेजावर मांडलेल्या सेटचा एक देखणा फोटो पुरेसा नसतो. गिऱ्हाइकाला चार गोष्टी बघायच्या असतात: मागची छाप, सोनेरी कड किती शाबूत आहे, प्लेटच्या मध्यावर सुरीचे ओरखडे किती आहेत आणि कडेला टवके उडालेत का. ओरखडे समोरून पडणाऱ्या उजेडात दिसत नाहीत. खिडकीशेजारी प्लेट तिरकी धरून फोटो काढा. प्रत्येक प्रकारच्या एका नगाला मोजपट्टी लावा: मोठी प्लेट साधारण २७ सेंटिमीटर, मधली २० ते २१, लहान १५ ते १६. कपाचा आकारही महत्त्वाचा, कारण एकाच नमुन्यात दोन-तीन घाटाचे कप निघतात आणि घरातल्या सहा कपांशी जुळणारा सातवा शोधणारा माणूस घाटच बघतो. कपाचा फोटो बाजूनं काढा, दांडा दिसेल असा.

फोटोआधी तपासणी. मधल्या बोटावर प्लेट तोलून कडेला नखानं टिचकी मारा. धड नग खणखणीत, लांबत जाणारा आवाज देतो. आवाज बद्द आला, तर कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसत नसला तरी. मग अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च धरा. बोन चायनातून उजेड आरपार येतो आणि तडा काळ्या केसासारखा उमटतो. कडेवरून नख फिरवा, टवका असेल तिथे ते अडतं. जुनी जोडणी ओळखायला स्वस्तातला यूव्ही टॉर्च चालतो; बहुतेक चिकटद्रव्यं त्यात वेगळी चमकतात. कपात दांडा जिथे चिकटतो तो सांधा आणि झाकणाची गाठ, या दोन जागा न विसरता बघा. तडा असलेला नग सेटमध्ये धरू नका, मोजू नका, ‘फुकट देतो’ म्हणून खोक्यात घालू नका. प्रवासात तो फुटतोच आणि त्याचे तुकडे शेजारच्या धड नगावर ओरखडे पाडतात.

प्लेटवरच्या करड्या रेघा बऱ्याचदा ओरखडे नसतातच. सुरीच्या स्टीलचा अंश झिलईवर घासून बसलेला असतो. ऑक्झॅलिक ॲसिड असलेली भांडी घासायची पूड पाण्यात कालवून मऊ कापडानं हलक्या हातानं चोळली की त्या निघतात. हातात मोजे घाला आणि सोनेरी कडेला हे अजिबात लावू नका. कपातले चहाचे डाग खाण्याच्या सोड्याच्या दाट लेपानं अर्ध्या तासात सुटतात. क्लोरीनचं ब्लीच टाळा, त्यानं सोनं आणि वरून चढवलेले रंग फिके पडतात. सोनं उडालेलं असेल तर बाजारातल्या सोनेरी रंगानं रंगवू नका. फोटोत ते खपून जातं, हातात घेतल्यावर नाही.

सगळे विचारतात ते सुट्या नगांचंच

पूर्ण सेटला मागणी कमी का, हे स्पष्ट आहे. सोनेरी कडेचा माल मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या पाडतो आणि डिशवॉशरमध्ये कड झिजते. बारा माणसांचा सेट ठेवायला एक अख्खं कपाट लागतं. रोजच्या घरात आता दोन्ही जमत नाही. मग पूर्ण सेट कुणी घ्यायचा? म्हणून विकायचं माप बदला.

माप देशागणिक वेगळं आहे. अमेरिकेत एका माणसाचा पाच नगांचा संच हे चालणारं एकक: मोठी प्लेट, मधली प्लेट, लहान प्लेट, कप आणि बशी. तुमच्याकडे सहा माणसांचं सामान असेल, तर तिथे ‘पाच नगांचे सहा संच’ असं लिहा. जर्मनीत रविवारच्या कॉफीबरोबर केक खाण्याची जुनी रीत आहे. तिथे मधली प्लेट केकची प्लेट म्हणून कप-बशीच्या जोडीनं चांगली जाते. जेवणाच्या प्लेटबरोबर लावली तर पडून राहते. ब्रिटनमध्ये सूपचे वाडगे आणि रस्सा वाढायचं भांडं खालच्या बशीसह शोधलं जातं.

वाटण्या करताना एक गोष्ट सांभाळा. डोंगा, लांबट तबक, टीपॉट हे मानाचे नग आधी विकून टाकले की मागे सोळा सेंटिमीटरच्या लहान प्लेटा उरतात आणि त्या कुणालाच नको असतात. लहान प्लेटा सहा मोठ्या प्लेटांबरोबरच बांधून द्या. बशा कपांपासून कधीही वेगळ्या करू नका. कप जास्त फुटतात, बशा उरतात, त्यामुळे बाजारात एकट्या बशांचा सुकाळ असतो. डोंगा मात्र वेगळा ठेवा. झाकणासकट धड डोंगा हा पूर्ण सेटमधला सगळ्यात मागणीचा नग असतो आणि तो मिळावा म्हणून गिऱ्हाईक कधी कधी उरलेलंही घेतं.

युरोपीय संघात किंवा ब्रिटनमध्ये ऑनलाइन बाजारांवर सुटे नग विकताना हिशेब ठेवा. वर्षात ३० किंवा त्याहून जास्त विक्री झाली, किंवा २००० युरोच्या वर रक्कम गेली, की तो बाजार तुमचं नाव करखात्याला कळवतो. कळवलं म्हणजे कर लागलाच असं नाही, पण हा घरचा वापरलेला माल आहे हे दाखवता यावं म्हणून जुनी पावती किंवा घरसामान हलवल्याची यादी जपून ठेवा. बारा माणसांचा सेट नग-नग करून विकलात, तर तिसाचा आकडा सहज ओलांडतो. सहा-सहाच्या वाटण्या बऱ्या पडतात त्या यामुळेही.

भाव ठरवताना होणारी गफलत

बाजारात लोक किती मागतात ते बघू नका, किती आले ते बघा. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ हा गाळणीचा पर्याय लावला की झालेले सौदे दिसतात. नमुन्याचा क्रमांक टाकून किमान दहा सौदे वाचा, त्यातले टवकेवाले वगळा, टपालखर्च वेगळा काढा. विम्यासाठी काढलेली किंमत इथे कामाची नाही. तेवढाच माल नवा आणायचा झाला तर काय पडेल, एवढंच ती सांगते.

नमुना अजून कारखान्यात बनतोय का तेही बघा. स्पोडचा निळा-पांढरा ब्लू इटालियन १८१६ पासून चालू आहे आणि आजही स्टोकमध्ये बनतो. कंपनी २००८ मध्ये डबघाईला आली, २००९ मध्ये पोर्टमेरियन या भांड्यांच्या कंपनीनं नाव आणि नमुने घेतले. असा माल दुकानात नवा, सेलमध्ये सवलतीत मिळत असतो, म्हणून जुन्याला त्याच्या खालीच राहावं लागतं. उलट बंद पडलेल्या नमुन्याचा एखादा अडनिडा नग, मोठा टीपॉट किंवा बारा इंची गोल तबक, भाव खाऊन जातो.

तुमच्याकडून घेऊन पुढे विकणाऱ्या दुकानाला दिलंत, तर दुकानात लागेल त्या भावाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच हातात येईल असं धरून चाला. त्याला साठवण, फुटतूट, परतावा हे सगळं सोसायचं असतं. महिन्याभरात घर सोडायचं असेल, तर हा व्यवहार वाईट नाही.

गिऱ्हाईक सापडलं, पण सीमेवर अडलं

युरोपीय संघात राहून ब्रिटनमध्ये विकणं हा सगळ्यांना पहिल्यांदा सुचणारा मार्ग, आणि सगळ्यात जास्त सौदे इथेच फिसकटतात. १ जानेवारी २०२१ पासून दोन्हीकडे जाणारा प्रत्येक खोका कस्टम्समधून जातो. ब्रिटनमधल्या घेणाऱ्याला २० टक्के आयात व्हॅट आणि वर कुरियरची हाताळणी फी पडू शकते. ही गोष्ट आधी सांगितली नाही, तर तो खोका घ्यायला नकार देतो आणि तो फिरून तुमच्याकडे येतो, दोन प्रवास सोसून. शंभर वर्षांहून जुना माल असेल आणि ते छापीवरून दाखवता येत असेल, तर तो ९७०६ या कस्टम्सच्या वर्गीकरण क्रमांकाखाली जाहीर करा. ब्रिटनमध्ये अशा वस्तूंना आयात व्हॅट प्रत्यक्षात ५ टक्केच पडतो.

फॉर्म भरताना ‘चायना’ हा शब्द एकटा लिहू नका. वस्तूच्या रकान्यात नुसतं ‘चायना प्लेट्स’ लिहिलं, की माल चीनचा समजला जाण्याचा धोका असतो, आणि चिनी सिरॅमिक भांड्यांवर युरोपीय संघात २०१३ पासून जादा अँटी-डंपिंग शुल्क (फार स्वस्तात येणारा माल रोखण्यासाठीची जकात) आहे. ‘वापरलेली बोन चायना भांडी’ असं लिहा, उगमदेशात युनायटेड किंगडम आणि वर्गीकरणात ६९११ १० घाला. स्पोडच्या ब्लू इटालियनसारख्या मातीच्या, म्हणजे अर्दनवेअर मालाला ६९१२ लागतं. छापीचा स्पष्ट फोटो छापून पावतीबरोबर बाहेरच्या पाकिटात ठेवा. ‘भेट’ म्हणून जाहीर करू नका. ते खोटं आहे, आणि माल फुटला तर भरपाईचा दावाही त्यामुळे पडतो.

सोपा मार्ग म्हणजे आहात त्याच सीमेच्या आत विका. जर्मनीत क्लाइनअनत्साइगन, नेदरलँड्समध्ये मार्क्टप्लाट्स, फ्रान्समध्ये लबाँक्वां, अमिरातीत डुबिझल अशा जाहिरातींच्या साइट आहेत. जर्मनीच्या ईबेवर खासगी विक्रेत्याला मार्च २०२३ पासून कमिशन नाही. मथळा स्थानिक भाषेत आणि नमुन्याचं नाव इंग्रजीत, असं दोन्ही लिहा. जर्मनीत जाहिरातीखाली ‘खासगी विक्री, दोषांची जबाबदारी नाही’ ही ओळ जर्मन भाषेत टाकणं गरजेचं आहे. ती नसेल तर वापरलेल्या मालावरही दोन वर्षांची जबाबदारी तुमच्या गळ्यात येऊ शकते. माहीत असलेला टवका लपवला असेल, तर मात्र ही ओळ तुम्हाला वाचवत नाही.

अमेरिकेत राहत असाल तर बाजार मोठा आहे. नॉर्थ कॅरोलायनातली रिप्लेसमेंट्स लिमिटेड १९८१ पासून बंद पडलेल्या नमुन्यांचे सुटे नग विकते आणि लोकांकडून विकतही घेते. नमुना आणि नगांची यादी पाठवली की त्यांना काय हवं ते कळतं. पोचेपर्यंतची जोखीम पाठवणाऱ्याची, म्हणून पॅकिंगचा पुढचा भाग तिथेही लागू. बाहेरच्या देशातून अमेरिकेत पाठवायचं असेल, तर ८०० डॉलरपर्यंतची जुनी शुल्कमाफी २०२५ च्या ऑगस्टअखेर सगळ्या देशांसाठी थांबवली गेली, हे भाव सांगताना धरा.

माल फुटून पोचतो

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात जास्त टाळता येण्यासारखंही हेच आहे. आधी कुरियरची ‘भरपाई मिळणार नाही’ ही यादी वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या यादीत काच, चिनीमाती, सिरॅमिक असतंच. जादा विम्याचे पैसे भरले तरी ते वगळलेलंच राहतं. ‘नाजूक’ अशी चिठ्ठी लावल्यानं काही बदलत नाही. खोके यंत्राच्या पट्ट्यावरून जातात आणि यंत्र चिठ्ठी वाचत नाही. मीटरभर उंचीवरून पडलं तरी टिकेल, असंच बांधायचं.

प्लेटा आडव्या रचू नका. आडव्या ढिगात वरच्या प्लेटची खालची गोल कडी तिच्याखालच्या प्लेटच्या मध्यावर टेकते आणि धक्का बसला की सगळ्या ढिगाचं वजन त्या कडीतून तळाच्या प्लेटवर उतरतं. उभ्या ठेवलेल्या प्लेटमध्ये तोच धक्का कडेतून पूर्ण तबकडीभर पसरतो. गाडीची चाकं शेजारीशेजारी उभी ठेवावीत तशा प्लेटा ठेवायच्या.

सहा मोठ्या प्लेटांचं माप असं. प्रत्येक प्लेट आधी कोऱ्या पातळ कागदात गुंडाळा. वर्तमानपत्र नको, शाई सोन्यावर आणि खालच्या कडीच्या बिनझिलईच्या भागावर बसते. बबल रॅप थेट सोन्यावर नको, उन्हाळ्यात गोदामात त्याचे वळ उठतात. त्यावर बारीक बुडबुड्यांच्या बबल रॅपचा साधारण ६० सेंटिमीटर चौरस तुकडा, दोन थर, बुडबुडे आतल्या बाजूला. दोन प्लेटांमध्ये पुठ्ठ्याची तबकडी. सहा मिळून जाडी १८ सेंटिमीटरच्या आसपास जाते. आतला खोका ३५ बाय ३५ बाय २५, तळाशी आणि सगळ्या बाजूंनी चुरगळलेल्या कागदाची गच्च गादी. हा खोका चिकटपट्टीनं बंद करून हलवा. आत काहीही सरकलं, तर उघडून पुन्हा भरा. मग तो ४५ बाय ४५ बाय ३५ च्या दुपदरी पुठ्ठ्याच्या बाहेरच्या खोक्यात, सहाही बाजूंना पाच सेंटिमीटर मोठ्या बुडबुड्यांचा रॅप किंवा कागद भरून. बाहेरच्या खोक्यात थर्मोकोलचे सुटे दाणे एकटे वापरू नका. जड आतला खोका प्रवासातल्या कंपनानं त्यांतून खाली उतरतो आणि शेवटी तळाच्या पुठ्ठ्याला टेकतो.

कप एकात एक कधीच घालू नका. आत कागदाचा बोळा, दांड्याभोवती कागदाची वळकटी, मग पूर्ण कपाला दोन थर, आणि खोक्यात कप पालथा, तोंडाच्या कडेवर. झाकण डोंग्यावर ठेवून पाठवणं हे झाकण फुटण्याचं नेहमीचं कारण आहे. झाकण वेगळं गुंडाळा, गाठीभोवती कागदाची कडी करा आणि ते स्वतंत्र कप्प्यात ठेवा. टीपॉटची चोच आणि दांडा यांच्या पोकळ्या कागदानं भरून सपाट करा.

एका खोक्याचं वजन १० ते १२ किलोच्या वर नेऊ नका. त्यापुढे उचलणारा माणूस खोका ठेवत नाही, सोडतो. बारा माणसांचा पूर्ण सेट तीन-चार खोक्यांत जाईल, टपालखर्च वाढेल, पण एकाच मोठ्या खोक्यात तो घालणं म्हणजे फुटण्याची तयारी. पॅकिंग करताना चार फोटो काढा: गुंडाळलेले नग, भरलेला आतला खोका, दोन खोक्यांमधली मोकळी जागा, बंद झालेला बाहेरचा खोका. दावा करावा लागला तर पहिली मागणी याचीच होते. येऊन घेऊन जाणारा मिळत असेल, तर किंमत थोडी कमी करूनही त्यालाच द्या.

पैसे आणि ठकबाजी

‘माझा माणूस खोका घेऊन जाईल, तुम्ही फक्त विम्याची रक्कम आधी भरा’ असं म्हणणारा गिऱ्हाईक नसतो. किमतीपेक्षा जास्तीचा चेक पाठवून फरक परत मागणाराही नसतो. पैसे आल्याचा ईमेल बघून माल देऊ नका. स्वतःच्या खात्यात जाऊन बघा. समोरासमोरच्या व्यवहारात माल टेबलावर मांडून, घेणाऱ्यालाच टिचकी मारून बघायला सांगा आणि रोख किंवा तत्काळ बँक हस्तांतरण घ्या.

सेट भारतात आणि तुम्ही परदेशात

उलट दिशेचा प्रश्नही तितकाच येतो: आजोबांनी घेतलेला इंग्लिश सेट पुण्या-मुंबईच्या घरात, विकणारे तुम्ही न्यू जर्सीत किंवा सिडनीत. इथे पहिला अडथळा कायद्याचा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू भारताबाहेर नेता येत नाहीत. शंकास्पद वयाच्या सेटसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून तो पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सेट १९५०-६० चा असेल तरी छापीचा फोटो आणि वय काढल्याचा आधार जवळ ठेवा. जुना असेल तर भारतातच विका. मुंबईत चोर बाजाराच्या मटन स्ट्रीटवर जुन्या क्रोकरीची जाणकार दुकानं आहेत, पण तिथे जाण्याआधी ईबेवरचे झालेले सौदे बघून आकडा डोक्यात ठेवा.

ओएलएक्ससारख्या ठिकाणी जाहिरात टाकलीत, तर घरच्या वडीलधाऱ्यांना एक गोष्ट फोनवर स्पष्ट सांगा: मावशी, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, आणि पैसे देतो म्हणून कुणी पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा नाही. अनोळखी माणसाला घरात न बोलावता सोसायटीच्या ऑफिसात किंवा खालच्या दुकानात माल दाखवा. तपासणी व्हिडिओ कॉलवर करून घ्या. टिचकीचा आवाज फोनवरही बऱ्यापैकी कळतो.

भारतीय घेणाऱ्याला, मग तो भारतात असो वा परदेशात, एक माहिती न विचारता द्या. इंग्लिश बोन चायनात गुराढोरांच्या हाडांची राख असते, नेहमीच्या मिश्रणात जवळपास निम्मी. उरलेल्या भागात कॉर्नवॉलची माती आणि दगडाची पूड. शाकाहारी घरांत, विशेषतः देवाधर्माच्या जेवणावळीसाठी भांडी घेणाऱ्यांना, हे चालत नाही, आणि नंतर कळलं तर त्यांना खरंच वाईट वाटतं. त्यांच्यासाठी इंग्लिश मालातही पर्याय आहेत. रॉयल डोल्टननं १९६० च्या सुमारास ‘ट्रान्सलुसंट चायना’ काढलं, त्यात हाडांची राख नाही आणि त्याच्या नमुन्यांचे क्रमांक टी.सी. या अक्षरांनी सुरू होतात. अर्दनवेअर प्रकारात, म्हणजे ब्लू इटालियन किंवा विलो छापाच्या मातीच्या मालातही हाडांची राख नसते.

जुन्या मालाबद्दल आणखी एक गोष्ट लिहून द्या. १९७० च्या आधीच्या, झिलईवर रंगकाम केलेल्या भांड्यांतून शिसं आणि कॅडमियम आंबट पदार्थांत उतरू शकतं. अशा प्लेटवर कधीमधी जेवणं वेगळं, पण चिंचेचं सार, सोलकढी, लोणचं, लिंबू पिळलेली कोशिंबीर त्यात काढून ठेवू नये. जाहिरातीच्या शेवटी ही एक ओळ आणि सोनेरी कडेसाठी ‘मायक्रोवेव्ह नको, डिशवॉशर नको, हातानं कोमट पाण्यात’ ही दुसरी ओळ टाकली, तर नंतरच्या तक्रारींचं कारण राहत नाही.